डिस्क उघडणार कोण

चाचा, आधी माझी तक्रार ऐकून घ्या. बॅकअपसाठी नवी डिस्क आणली, तर तिची केबल निघाली वीतभर. कॉम्प्युटर टेबलाखाली, डिस्क टेबलावर ठेवावी तर केबल पुरत नाही, सोडावी तर लोंबकळते. एवढी प्रगती केलेल्या मानवजातीला आणखी एक वीत वायर परवडू नये, यावर मी स्तंभ लिहू शकतो. लिहीनही, यवतमाळात माझ्याकडून लोकांची तेवढीच अपेक्षा उरली आहे. सध्या डिस्क मांडीवर घेऊन बसलोय आणि पडद्यावर लिनक्स विचारतंय, फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली मांडायची पद्धत, कोणती? ईएक्सटी४ की एक्सफॅट? सकाळपासून बोट पुढे जात नाही.

कापसाची ती वाईट वर्षं होती. कळंब रोडच्या जिनिंगा एकामागून एक बंद पडत होत्या, आणि कापसातून सरकी काढणारे रेचे जन्मभर दुरुस्त केलेले तुम्ही बसस्टँडमागच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीला बसला होतात. माझ्या मशीनमध्ये व्हायरसांनी संसार थाटलेला. तुम्ही तो मोडून लिनक्स टाकलंत आणि म्हणालात, हे फुकट आहे आणि आजारी पडत नाही. दोन्ही गुण लेखकात नाहीत. रेच्याचा आजार तुम्ही फाटकातूनच कानानं ओळखायचात. रोलर घासतोय की बेअरिंग गेलं, आत यायची गरज नसे. कुलपं लागण्याआधी तुम्ही एकेका जिनिंगमध्ये जाऊन छोट्या रेकॉर्डरवर ते आवाज भरून घेतलेत, प्रत्येकापुढे तुमच्या तोंडून आजार आणि इलाज. मी विचारलं, रेचेच राहणार नाहीत, तर हे ऐकणार कोण? तुम्ही म्हणालात, पोरगी ऐकेल, तिला लहानपणी झोपच त्या आवाजात लागायची.

रेकॉर्डर दर वेळी पुसून रिकामा करावा लागे, म्हणून ते सगळं एका डिस्कवर भरायचं काम माझ्याकडे आलं. तुम्ही म्हणत होतात, फॅट करा, ते कुठंही उघडतं. मी दोन महिन्यांच्या विद्येच्या उंचीवरून समजावलं की बारा-बारा तास लोडशेडिंग आहे, कॉपी अर्ध्यात असताना वीज गेली तर फॅटचा चुराडा होतो. लिनक्सचं ईएक्सटी३ मात्र काय करायला घेतलं ते आधी लिहून ठेवतं, म्हणून सावरतं. माझं म्हणणं बरोबर होतं. आजही आहे. माझ्या हातून झालेल्या बहुतेक नुकसानांच्या वेळी मी बरोबरच होतो. तुम्ही दातात धरलेला स्क्रूड्रायव्हर काढलात.

"लेखक, लाइटीचं तुमी पाह्यलं. उघडनार कोन हाय, थे पाह्यलं का? माह्या पोरीच्या मशीनमधी विंडोज हाय."

मी म्हणालो, वर चिठ्ठी चिकटवतो ना, लिनक्समध्येच उघडा म्हणून. तुम्ही मान डोलावलीत.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. डिस्क पोरीनं उमरखेडला नेली, तिथं ती शाळेत शिकवते. तिनं ती लावली. विंडोजला आत ओळखीचं काही दिसलं नाही, आणि अशा वेळी ते ‘मला कळत नाही’ असं म्हणत नाही. फॉरमॅट करू का, असं विचारतं. ती हो म्हणाली. मग रिकामी दिसली म्हणून तिच्यावर गॅदरिंगचे व्हिडिओ भरले. अब्बांचं काहीच का नाही, हे विचारायला तिनं फोन केला तेव्हा मी माझ्या जिभेला शोभेल असं बोललो, की मशीन विचारतं म्हणून लगेच हो म्हणायचं नसतं. तेव्हापासून दर ईदला तिचा फोन येतो, आणि ठेवताना ती म्हणते, "भाऊ, अब्बाचा आवाज माह्याच हातानं पुसला." मी म्हणतो, जाऊ दे. माफ करणाऱ्याच्या सुरात.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून सांगतो. चिठ्ठी मी विसरलो नव्हतो. लिहून खिशात ठेवली होती. डिस्क उघडली नाही की ती मला विचारायला येईल, आणखी एक माणूस माझ्या शहाणपणावर अडून राहील, एवढंच मला हवं होतं. आणि आणखी एक. वर तुमचं बोलणं लिहिलं त्यातले शब्द तुमचेच आहेत, पण कानात ते माझ्या आवाजात येतात. तुमचा आवाज मलाही आठवत नाही.

लिहिता लिहिता दुपार झाली. डिस्क एक्सफॅट केली. वीज गेली तर बिघडेल, फाइल कोणाची आणि कोणी उघडायची हे तिच्यात नोंदलं जाणार नाही, सगळं ठाऊक आहे. माझ्या मुलाच्या लॅपटॉपवर मात्र उघडेल. मग उमरखेडला फोन लावला. ईद नसताना माझा फोन म्हणून ती घाबरली, कोण गेलं म्हणून विचारू लागली. मी चिठ्ठी खिशात ठेवल्याचं सांगितलं.

"मंग तवा काहून नाही सांगतलं?"

चाचा, लोकांना उत्तरं देण्यावर माझं पोट चालतं. तिला मात्र उत्तराऐवजी उरलेलं सांगितलं, की तिनं परत पाठवलेली डिस्क खरवडून मी अकरा सेकंद वाचवले होते. नुसता रेचा चालू आहे, तुम्ही अजून बोलायला लागलेले नाहीत. ते पाठवले असते तर चिठ्ठीचंही सांगावं लागलं असतं, म्हणून इतकी वर्षं दाबून ठेवले.

"पाठवा," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

पाठवले. दोन निळ्या खुणा उमटल्या आहेत. उत्तर आलेलं नाही, आणि मी ते मागणार नाही.