संपतदादाचा आवाज

लोणी, मे २००७

संपतदादा,

मला आवाज ऐकू येतात. गोळ्या चालू हायेत, शिवाय मंचरच्या डॉक्टरीणबाई शिकवतात, "आवाजाशी भांडू नका. श्वासाकडं लक्ष द्या. तो येईल तसा जाईल." मला आता जमायला लागलंय.

काल तुझ्या लेकीच्या, स्नेहलच्या साखरपुड्यात तू मला मागच्या खोलीत कोंडलंस. दाराआडून तुझा आवाज ऐकू आला, "एक बहीण व्हती, वारली." मी डोळे मिटून श्वासाकडं लक्ष देत बसले. वाटलं, हा पण आवाज जाईल. वहिनीनं दार उघडल्यावर विचारलं, "दादा खरंच असं बोलला का?" तिनं मान खाली घातली.

आवाजांशी मी भांडत न्हाई, पण तुझ्याशी भांडणार हाय. पण पत्रातून न्हाई, हे पत्र तुला देणारच न्हाई. लग्नात पावण्यांपुढं उभी राहून माझं नाव मीच सांगीन.

तुझी जिवंत बहीण,
हिरा