बटणाची चार भोकं

चंदीगड
१० एप्रिल १९८८

ती. वामनमामा यांस नंदकुमारचा शि. सा. न. वि. वि.

पत्र उघडायच्या आधीच तुम्ही मामीला म्हणाला असाल, की पोरानं हीपण नोकरी सोडली. बरोबर ओळखलंत. इंडस्ट्रियल एरियातला कूलरचा कारखाना सोडला. दिवसभर पत्र्याला भोकं पाडायची, त्यात जीव रमेना. ज्यांच्या घरकामाला म्हणून इथं आलो त्या मेजर अविनाशसाहेबांची बदली झाली तेव्हाच त्यांच्याबरोबर गावाकडं परतलो असतो तर चार चार कामं सोडायची वेळ आली नसती, हे तुमचं वाक्य मीच लिहून टाकतो. तेवढीच तुमची शाई वाचेल.

आता सरदार हरचरणसिंगांच्या कोठीवर, म्हणजे बंगल्यावर लागलोय. त्यांच्या अंगणात पोहायचा हौद आहे. निळी फरशी, एका टोकाला पाणी कमरेएवढं, उतरत उतरत दुसऱ्या टोकाला दीड पुरुष. तीन वर्षं कुणी उतरलं नव्हतं, पानं कुजून काळा चिखल झाला होता. तो मी उपसला, फरशी घासली, हौद भरला. कारण सरदारजींच्या आईला, त्यांना सगळे बीजी म्हणतात, थंडीत अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय उचलत नाही. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर हलत नाही तो पाय पाण्यात हलेल, रोज छातीएवढ्या पाण्यात चालवा. पण पाणी स्वच्छ पाहिजे, त्यांना दुसरं दुखणं नको. सरदारजींनी एक जून तारीख धरलीय. म्हणाले, त्या दिवशी शर्टाचं बटण तळाला टाकलं तर काठावरून त्याची भोकं मोजता आली पाहिजेत.

मग त्यांनी विचारलं, पाण्याचं काम येतं का. मी म्हणालो, माझे मामा अख्ख्या गावाचं पाणी राखतात. हे खरंच आहे. त्यावरून मलाही येतं असं त्यांना वाटलं, ते मी वाटू दिलं. तुम्ही पंचायतीची जंतू मारायची पावडर विहिरीत सोडायला निघालात की बादली धरायला लागू नये म्हणून मी मागच्या दारानं पळायचो, हे त्यांना कुठं ठाऊक. तेव्हा पावडर किती, कधी, कशी, सगळं कळवा.

मामीला नमस्कार. रागवायचं तर रागवा, पण पत्र लिहून रागवा.

तुमचा
नंदू

*

पिंपळवाडी
२१ एप्रिल १९८८

चि. नंदकुमार यास वामनमामाचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामीनं दोनदा वाचून घेतलं. गावात लोक विचारतात, नंदू कुठं असतो. मी एक काम सांगेपर्यंत तू दुसरं धरलेलं असतंस. म्हणून हल्ली 'तिकडं वर असतो' एवढंच सांगतो.

आता ऐक. पावडर कोरडी टाकायची नाही. बादलीत कालवायची आणि अर्धा तास निवळू द्यायची. चुना खाली बसतो. वरची निवळी तेवढी पाण्यात सोडायची, गाळ फेकायचा. ऊन उतरल्यावर सोड, उन्हात तिची ताकद उडून जाते. आपल्या विहिरीत पुरुषभर पाण्याला एक पेला, रोज न चुकता. बादलीत तोंड घालून वास घेऊ नकोस. तू घेशील म्हणून लिहितो.

दुसरं असं. रेडिओवर तुझ्या मुलखाची बातमी नाही असा दिवस जात नाही. अतिरेक्यांनी बस थांबवून माणसं उतरवली असं ऐकलं की मामी रेडिओ बंद करते आणि ताटावरून उठते. पंचायतीत माझ्या हाताखाली एक जागा निघाली आहे. मी सरपंचांना तुझं नाव सांगितलंय. एक जूनला उमेदवार स्वतः हजर पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. तू पाचवं काम सोडणारच आहेस, ते आताच सोड आणि ये. बीजींना दुसरा माणूस मिळेल. मामीला दुसरा नंदू मिळायचा नाही.

इथं आम्ही दोघं बरे आहोत, तू बरा आहेस एवढं दर आठवड्याला कळू दे.

वामनमामा

*

चंदीगड
१५ मे १९८८

ती. वामनमामा यांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसंच केलं आणि हौद बिघडला. यात तुमचा दोष नाही, पूर्ण वाचा.

आठ दिवस पाणी छान होतं. मग भाताच्या पेजेसारखं पांढरं झालं. मी पावडर वाढवली, तर कडेनं हिरवं धरायला लागलं. सरदारजी एकदा काठावर उभे राहून गेले. बीजी मात्र व्हरांड्यात खुर्चीवर बसून रोज बघतात. त्यांचं तोंड एका बाजूनं उघडत नाही, शब्द हळू येतात. म्हणाल्या, पुत्तर, ही लस्सी प्यायची की हिच्यात चालायचं.

सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत श्रीनिवासराव म्हणून सांगलीकडचे गृहस्थ आहेत, इथल्या मराठी मंडळींच्या सत्यनारायणाला ओळख झाली होती. त्यांच्याकडं बाटली भरून पाणी नेलं. एक अडाण्याची चूक सापडली, ती माझी. मी खोल टोकाला काठी घालून पुरुष मोजले आणि तेवढे पेले सगळ्या हौदाला लावले, उथळ टोक धरलंच नाही, म्हणून पावडर जास्त पडली. दुसरी चूक मात्र तुम्हालाही सापडली नसती. विहीर रोज शेंदतात, जुनं पाणी जातं, झऱ्याचं नवं येतं. हौदात रोज तेच पाणी. निवळीतूनही थोडा थोडा चुना जातोच, तो साठत गेला. त्यात इथलं पाणी मुळातच जड. पाण्याला चुना चढला की पावडर कितीही ओता, ती झोपून राहते. त्याला आंबट पाहिजे, म्हणजे ॲसिड, इथं त्याला तेजाब म्हणतात. श्रीनिवासरावांनी कागदाच्या पट्ट्या दिल्या. पट्टी पाण्यात बुडवली की रंग बदलते. गडद निळी आली तर तेजाब, पोपटी आली तर हात आवर. आकडे नाहीत, नुसते रंग, म्हणजे सहावी नापासलाही जमतं. तेजाब बादलीभर पाण्यात टाकायचं, तेजाबावर पाणी कधी नाही. आणि तेजाब व पावडर एका दिवशी नाही, विषारी वाफ होते.

आता जे लिहितो ते मामीला वाचून दाखवू नका. सायकलला तेजाबाचा कॅन आणि पावडरची गोणी बांधून येत होतो. नाक्यावर शिपायांनी उतरवलं. पांढरी पावडर, तेजाब, खिशात रंगीत कागद, बोलणं ना धड पंजाबी ना धड हिंदी. दोन तास उकिडवं बसवलं. बॉम्ब कुणाला देणार होतास, असं विचारत होते. मी म्हणत होतो, हौदाला. ते आणखी चिडायचे. शेवटी कोठीवर फोन केला. सरदारजी लुधियान्याला. मला वाटलं, संपलं.

तर ड्रायव्हर गाडी घेऊन आला आणि पुढच्या सीटवर बीजी. सहा महिन्यांत त्या कोठीबाहेर पडल्या नव्हत्या. खाली उतरता येईना, म्हणून हवालदारालाच खिडकीशी बोलावलं. म्हणाल्या, हा माझा मुंडा, माझा पोरगा आहे, माझ्यासाठी पाणी तयार करतोय. हवालदारानं विचारलं, किती दिवसांपासून ओळखता. त्या म्हणाल्या, सहा आठवडे, आणि तू किती तासांपासून ओळखतोस.

मामा, एक जून दोन्हीकडं आहे. मी एकाच ठिकाणी हजर राहू शकतो. अजून ठरत नाही. तुम्ही लिहा.

नंदू

*

पिंपळवाडी
२३ मे १९८८

चि. नंदकुमार यास आशीर्वाद.

नाक्याचा भाग मी गाळून वाचला. मामीला माझा आवाज कुठं अडखळला ते कळलं. तिनं माझ्यामागं शेजारच्या शैलजाकडून पत्र वाचून घेतलं. दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. आज एवढंच म्हणाली, की त्या बाईंना माझा नमस्कार लिहा.

वीस वर्षं पावडर टाकतोय. रोज नवं पाणी येऊन माझं चुकलंमाकलं धुऊन नेतं, हे मला आजवर सुचलं नव्हतं.

सरपंच एक तारखेपुढं थांबणार नाहीत. माझ्या मनात विचारशील तर ये. पण पाणी अर्ध्यावर टाकून येऊ नकोस. या दोन्हींत कसं बसवायचं ते मला सांगता येत नाही, तूच बघ.

वामनमामा

*

चंदीगड
३ जून १९८८

ती. वामनमामा व ती. सौ. मामी यांस सा. न. वि. वि.

आलो नाही, हे तुम्हाला कळलंच आहे.

तिसरा हिस्सा पाणी सोडून नवं भरलं. मग एका संध्याकाळी तेजाब, दुसऱ्या संध्याकाळी पावडर, रोज सकाळी पट्टी. निळी, निळी, जरा फिकी, मग हिरवी. एकतीस तारखेला बटण टाकलं तर तळाला पांढरा ठिपका दिसला, भोकं नाहीत. त्या रात्री निघून जायला कपड्यांची पिशवी भरली होती. तुमच्याकडची तारीख हुकलेली आणि इथलं पाणीही गढूळ, दोन्हीकडं तोंड दाखवायला जागा नाही. सकाळी पिशवी बीजींना दिसली. त्यांनी ती मागून घेतली आणि खुर्चीखाली पायाशी ठेवली. सरदारजींना म्हणाल्या, मी सहा महिने थांबले, पाण्याला एक दिवस दे.

काल सकाळी पट्टी पोपटी आली. माझ्याच शर्टाचं बटण तोडून टाकलं. चार भोकं, मामा. सरदारजींनी चष्मा लावून मोजली, चारच. मग एका बाजूनं त्यांची बायको, दुसऱ्या बाजूनं मी, असे बीजींना घेऊन सलवार-कमीजसकट पायऱ्या उतरलो. पाणी छातीला लागल्यावर त्या जरा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मी खाली बघत होतो. पाणी एवढं स्वच्छ, की त्यांची बोटं दिसत होती. आधी उजवा अंगठा हलला. मग टाच सुटली. सात पावलं चालल्या. आठव्याला म्हणाल्या, ओढू नकोस, मी येतेय.

जागा गेली असेल. तुमचा शब्द गेला याचं वाईट वाटतं. दिवाळीला येतो आणि बादली धरतो, तुम्ही पळ म्हणालात तरी. सोबत चार पट्ट्या आणि रंगांचा तक्ता पाठवतोय. आपल्या विहिरीत बुडवून रंग कळवा.

बीजींचा मामीला नमस्कार. मामा, आता तुमच्या पत्राशिवाय इथं सगळं आहे, तेवढं पाठवा.

नंदू

*

पिंपळवाडी
१४ जून १९८८

चि. नंदकुमार यास अ. उ. आशीर्वाद.

पट्टी बुडवली. पोपटी आली. मामीनं तक्त्याला लावून तीनदा बघितलं आणि ती देव्हाऱ्याशेजारी खोचून ठेवली. बाकीच्या तीन मी लपवल्यात.

जागा दुसऱ्याला गेली. विहिरीवर सरपंच भेटले, चारचौघांत म्हणाले, वामनराव, तुमचा भाचा आलाच नाही, असतो तरी कुठं.

मी म्हणालो, पाण्याच्या कामावर असतो.

शर्टाला बटण लावून घे.

वामनमामा