हवानाच्या म्हाताऱ्याच्या टिपऱ्या

रविवार, १२ ऑक्टोबर. तोयोसु, टोकियो.

ऑफिसातल्या मोरी-साननी तिकीट दिलं म्हणून दुपारी गेलो. क्यूबाचे सहा म्हातारे, त्यांची जुनी गाणी. मधली कित्येक वर्षं त्यांना कुणी विचारत नव्हतं. टिपऱ्या वाजवणारा तर फ्रीज दुरुस्त करायचा म्हणे. वय ब्याऐंशी. गावी असलेल्या माझ्या वडिलांएवढंच, अण्णांएवढंच.

दुसऱ्याच गाण्याला सभागृहानं टाळ्यांचा ठेका धरला. इथल्या शिस्तीत, कवायतीसारखा. त्यांचा ठेका आडवळणाचा, तो पार बुडाला. मी जन्मभर स्पीकर विकले. अशा वेळी आवाज वाढवायचा, एवढंच मला माहीत. म्हाताऱ्यानं टिपऱ्या हलक्या केल्या. आणखी हलक्या. ऐकू यावं म्हणून लोकांचे हात आपोआप थांबले. उरल्या फक्त त्या दोन लाकडी टिपऱ्या! अंगावर काटा आला. मोरी-सान चक्क डोळे पुसत होते.

आणि मी गेल्या आठवड्यात अण्णांना फोनवर काय म्हणालो? "बोटं चालत नाहीत तुमची, ढोलकी देऊन टाका कुणाला तरी." ते नुसतं "बरं" म्हणाले. खरंच दिली असेल तर?

घरात पाय ठेवताच फोन लावला.

"अण्णा, ढोलकी आहे ना?"

"आहे की. का, गिऱ्हाईक आणलंस?"

"वाजवा जरा."

"बोटं चालत नाहीत म्हणतोस ना?"

"मग हलकी वाजवा."

त्यांनी फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग ढोलकी ऐकू आली, इतकी हलकी, की माझ्या फ्रीजची घरघर मध्ये येऊ लागली.

जाऊन प्लग काढला.