खिडकीतल्या बाईचा तिसरा हात

३ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मी शहराच्या कलासंग्रहालयात चित्रांखालची कार्डं लिहितो. वीस वर्षांत एकाही कार्डावर माझं नाव नाही. हरकत नाही. मला नावाचा सोस नाही.

४ मार्च
साडूने संग्रहालयाला चित्र भेट दिलं. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बाथरूमच्या टाइल्स विकतो. संचालकबाई म्हणाल्या, कार्डावर भेट देणाऱ्याचं पूर्ण नाव घालू या, ठळक. मी साडूचं अभिनंदन केलं आणि घरी येऊन जेवलो नाही. पित्त झालं असावं. बायको म्हणाली, पित्ताने असं पोटात दुखत नाही.

५ मार्च
चित्र पाहिलं. हसू आवरेना. आमच्या तीन नंबरच्या दालनात 'खिडकीतली बाई' आहे, अख्ख्या संग्रहालयाचा मुकुटमणी. साडूचं चित्र म्हणजे तीच बाई, तीच खिडकी, तोच लिंबांचा वाडगा. टाइल्सवाला शेवटी डिझाइनची कॉपीच देणार.
दुपारी संचालकबाईंना सांगितलं, नक्कल आहे. कशावरून, म्हणाल्या. म्हटलं, आपलं खरं आहे यावरून. त्यांनी पुढची फाईल उघडली. पटलं असणार.

८ मार्च
संग्रहालयाच्या इतिहासाची पुस्तिका पुन्हा वाचली. मीच लिहिली आहे (वर छापलंय 'संपादक मंडळ'). फार सुरेख आहे. संस्थापक साबणाचे कारखानदार. चित्रं घेत सुटले. बाईसाहेब म्हणाल्या, घरात एक तर ही राहतील नाहीतर मी. म्हणून पाणीखात्याची रिकामी इमारत घेतली. भिंतींना ओल अजून तेव्हाचीच. आधी महापौरांची तैलचित्रं आली, मग गाईंचं दालन, मग मातीच्या सुरया. 'खिडकीतली बाई' मात्र संस्थापकांना त्यांच्या साडूंनी दिली. तिथे माझं वाक्य आहे: 'निर्व्याज प्रेमाची खूण'. त्या काळी साडू असे असत.
आमचा साडू म्हणे त्याच साडूंचा पणतू. लग्नाच्या मांडवातही हेच सांगत होता. मी तेव्हाही ऐकलं नव्हतं.

११ मार्च
साडूचं कार्ड लिहायला घेतलं. आमच्या धंद्यात शब्दांना पायऱ्या असतात. सर्वांत वर 'यांचे चित्र'. त्याखाली 'यांचे मानले जाते'. मग 'यांच्या शिष्याचे', मग 'यांच्या शैलीत', आणि तळाला 'नंतरची नक्कल'. सकाळी मी साडूला 'मानले जाते' दिलं. चहानंतर शिष्यावर आणलं. ऑफिस सुटेपर्यंत तळाला. दिवस सत्कारणी लागला.
त्याचा फोन आला. साडूभाऊ, पणजोबांबद्दल एखादी ओळ वाढवता का. म्हटलं, कार्डाला चार ओळी, पाचवी नाही. नियम माझाच आहे, त्यामुळे मोडता येत नाही.

१५ मार्च
सासुरवाडीला सगळे जमलो होतो. सासरे म्हणाले, धाकट्या जावयाचं नाव भिंतीवर लागतंय, तुमचं काय. मी म्हटलं, तिथल्या सगळ्या भिंतींवर माझं अक्षर आहे. म्हणाले, रंगकाम पण करता का. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं.
निश्चय: उद्यापासून साडूचा विचार बंद.

१६ मार्च
साडूने गोल चष्मा घेतलाय. चित्रकार घालतात तसला. डोळे चांगले आहेत त्याचे, मला माहीत आहे.

१९ मार्च
सापडला. शिडीवर चढून टॉर्चने पाहिलं. साडूच्या बाईला तीन हात आहेत. एक चौकटीवर, एक लिंबांवर आणि रंगाखालून पुसट तिसरा, गालाशी. आपल्या बाईला व्यवस्थित दोन. नक्कल करणाऱ्या गाढवाला हातही मोजता आले नाहीत.
लगेच अर्ज. बाहेरच्या तज्ज्ञांना बोलवा, दोन्ही चित्रं तपासा, निकाल कार्डावर लिहा आणि शोध लावणाऱ्याचं नावही घाला. शेवटची मागणी केवळ तत्त्वाची. संचालकबाईंनी विचारलं, दोन्ही कशाला. म्हटलं, निःपक्षपाती दिसायला.

२० मार्च
मंजूर. आरशासमोर नम्र चेहऱ्याचा सराव केला. बायकोने विचारलं, दाढ दुखतेय का.

२ एप्रिल
तज्ज्ञबाई आल्या. तिसऱ्या हातापाशी बराच वेळ थांबल्या, मग म्हणाल्या, वा. मी म्हटलं, मीच पाहिला पहिल्यांदा. आपल्या बाईपुढे मात्र जेमतेम थांबल्या. खऱ्याला वेळ लागत नाही.

९ एप्रिल
निकाल.
चित्रकाराने हात आधी गालाशी काढला. मग मन बदललं, तो झाकला आणि लिंबांवर नेला. वर्षं गेली तसा वरचा रंग विरळ झाला आणि जुना हात दिसायला लागला. तज्ज्ञबाई म्हणाल्या, शंका मूळ चित्र काढणाऱ्याला येतात. नक्कल करणाऱ्याला कधीच नाही. तीन हातांची बाई मूळ. दोन हातांची नक्कल. संस्थापकांच्या साडूंनी नक्कल त्यांच्या गळ्यात मारली आणि अस्सल घरी ठेवलं.
त्या काळीही साडू असेच असत.
आमच्या साडूने संचालकबाईंना फोन केला, की हे साडूभाऊंमुळे कळलं, त्यांचं नाव जरूर घाला. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

१२ एप्रिल
साडूचं चित्र तीन नंबरमध्ये. आमची बाई जिन्याखाली. वीस वर्षं सकाळी आल्यावर पहिला दिवा मी तिचा लावत आलो. तिचं कार्डही मलाच लिहावं लागलं: 'नंतरची नक्कल'. अक्षर बिघडलं. डोळ्यांत पाणी होतं, धूळ नव्हती.

१३ एप्रिल
साडूच्या चित्राचं नवं कार्ड. पहिली ओळ चित्राची, दुसरी चित्रकाराची, तिसरी साडूची, ठळक. चौथी: 'मूळ असल्याचा शोध अमुक यांच्यामुळे लागला.' माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव घातलं की मजकूर पाचव्या ओळीत जातो. नुसतं आडनाव घालावं तर संचालकबाईंचंही तेच आहे. त्यांच्याकडे गेलो, एक ओळ वाढवू का. त्या म्हणाल्या, नियम तुमचाच ना. मग त्यांनीच पेन घेतलं, माझं नाव खोडलं, वर दोन शब्द लिहिले. चौथ्या ओळीत बरोबर बसले.

२० एप्रिल
लागलं भिंतीवर. 'मूळ असल्याचा शोध त्यांच्या साडूंमुळे लागला.'
मी तिथेच उभा होतो. एका बाईंनी कार्ड मोठ्याने वाचलं आणि नवऱ्याला विचारलं, हे साडू कोण. तो म्हणाला, कोणी नाही गं, नात्यातले असतील.
कार्ड जरा तिरकं लागलं होतं. सरळ केलं.