ढगाखालची जागा

४ जानेवारी
आज सकाळच्या उपग्रहचित्रात अख्खं खोरं पांढरंशुभ्र आहे. दादाने वर जाऊन काठी रोवली आणि खात्री दिली: कमरेइतका बर्फ, चित्र खरं. नोकरीतला माझा पहिलाच नकाशा, तोही अचूक! चहा देताना वहिनीने टोमणा मारलाच. भाऊ काठीने बर्फ मोजतो, बहीण आकाशातून. घरातलं मीठ संपलेलं मात्र दोघांनाही दिसत नाही.

साहेबांनी काम समजावलं. ढग किंवा सावली आली, की तेवढी जागा आदल्या चित्रातून उचलून भरायची. नकाशात भोक राहू द्यायचं नाही. वरच्या वाटेने जाणारी माणसं याच नकाशाच्या भरवशावर चालतात.

९ जानेवारी
खिंडीजवळ काळा डाग. आभाळ निरभ्र होतं, म्हणजे ढग नाही. सावली म्हणावी, तर जवळ उंच काही नाही. साहेब हसले. म्हणाले, नव्या माणसाला सगळीकडे भुतंच दिसतात, भरून टाका. भरला.

१४ जानेवारी
डाग खाली सरकतोय. परवा मेंढपाळाच्या झोपडीवर होता. आज तो पुढे गेलाय. मागे सपाट, कोरा बर्फ. झोपडी नाही. माझ्या नकाशात मात्र ती जागच्या जागी आहे. मीच आदल्या चित्रातून उचलून ठेवलीय.

१७ जानेवारी
दादाला सगळं सांगितलं. म्हणाला, वेडाबाई, एवढी घाबरतेस कशाला, जाऊन काठीच रोवून येतो. गाडी काढताना वाट नकाशावरून ठरवली. माझ्या नकाशावरून.

वायरलेसवर शेवटचं एवढंच बोलला, की काठी आत जातेय, जातच चाललीय, तळ काही —

१८ जानेवारी
शोधपथक मागितलं. साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. म्हणाले, इथे तर घट्ट बर्फ दाखवलाय, बुडेल कसा? खाली सही कोणाची आहे?

माझी.

वहिनीने दादाचं ताट वाढून झाकून ठेवलंय.

२० जानेवारी
नकाशात दादाची गाडी वाटेवर उभी आहे. खऱ्या चित्रात वाटच नाही.

२१ जानेवारी
डाग वस्तीत शिरला. आज मी भरला नाही, भोक तसंच ठेवलं. साहेबांनी स्वतः बसून भरलं. नकाशा वेळेवर गेला. सुंदर दिसतो.

२२ जानेवारी
बाहेर लख्ख ऊन. समोरची गल्ली — होती. साहेब फोन उचलत नाहीत. त्यांचं घर त्याच गल्लीत.

वहिनी दारात. म्हणते, दादाची काठी दिसतेय, अंगणापलीकडे, सरळ उभी. नको जाऊस म्हटलं. हात धरला. सुटला —

आता काठीही नाही.

थोड्याच वेळात उपग्रह डोक्यावरून जाईल. चित्रात इथे काळं येईल. मग माझ्या खुर्चीवरचं नवं माणूस आदल्या चित्रातून आमचं छप्पर उचलेल, आणि जागच्या जागी —