कप्तानाची ओळ

वादी कबीर,
मस्कत, ४ मे १९९८

चि. स्वरूप यास वसुंधराआत्याचे अनेक आशीर्वाद.

जहाजाच्या एजंटाचा माणूस जहूर उद्या लाँचवर पाणी घेऊन तुझ्या जहाजावर येईल, त्याच्या हाती हे पत्र आणि मेतकुटाचा डबा देते. तुमचे कप्तान आजारी पडून उतरले आणि जहाज तुझ्या हाती आलं, हे एजंटाने फोनवर सांगितलं. वकिलातीत कॉन्सलसाहेबांच्या वहीत तशी नोंद मी लगेच घेतली. बावीस वर्षं खलाशांची नावं चढवते-उतरवते आहे; कप्तानाच्या रकान्यात घरचं नाव पहिल्यांदाच लिहिलं. गुहागरला दादाला फोन केला, तर तो पेढे आणायला निघालासुद्धा. तू मात्र हवेत जाऊ नकोस. रोज दाढी कर.

तुझी,
आत्या

जहाजावरून,
१९ जुलै १९९८

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलंय, फोनही उचलत नाही. बाकी सगळे एकेक करून तुझ्या वहीतून घरी गेले. परवा स्वयंपाकी रमण उतरला. जाताना मला कडक सलाम ठोकून गेला. आता मी एकटाच. कप्तानाच्या खुर्चीत बसून तांदूळ निवडतो.

मलाही उतरव म्हणून एजंटाच्या मागे लागलो. तो म्हणतो, वहीत तू कप्तान आहेस. बदली कप्तान येईपर्यंत जहाज सोडलंस तर खलाशी-पुस्तकात, म्हणजे आपल्या घरच्या भाषेत नळीत, फरारीचा शेरा बसेल. आजोबा आपलं खलाशी-पुस्तक पत्र्याच्या नळीत जपायचे, तो शेरा असता तर पुन्हा कुठल्या जहाजावर चढले असते का? बदली कधी, विचारलं, तर इन्शाल्ला.

मत्रहचा किल्ला समोर दिसतो. तुझं घर त्या डोंगरामागे, तासाभरावर. लोखंड इतकं तापतं की दुपारी दाराची कडी फडक्याने धरावी लागते. काल मी शिडीला मोठ्याने रागावलो.

आत्या, माझ्याकडे परवाना, ते तिकीट, सेकंड मेटचंच आहे, कप्तानाचं नाही. मी कप्तान झालो कसा?

स्वरूप

वादी कबीर,
२५ जुलै १९९८

चि. स्वरूप यास आशीर्वाद.

शिडीला रागावणं बंद कर, मोठ्याने पाढे म्हण.

वही काढून पाहिली. तुझ्या ओळीत तिकिटाच्या क्रमांकाचा रकाना कोरा आहे. तिकीट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कप्तान लिहायचं नाही, हा नियम मीच सगळ्यांना पढवते. एजंट म्हणाला होता, तूर्त जहाज स्वरूप सांभाळतोय. मी लिहिलं कप्तान. माझ्या कानाला तेच ऐकायचं होतं.

असाच एक रकाना कोरा ठेवला म्हणून मी कचेरीतल्या शुभदाला कामावरून काढायला लावलं होतं. ती रडली, तर म्हटलं, वहीला रडणं कळत नाही. माझ्या निवृत्तीला पाच महिने उरलेत. थोडा धीर धर, काहीतरी करते.

आत्या

जहाजावरून,
२९ जुलै १९९८

ती. आत्यास नमस्कार.

काही करू नकोस. पाच महिने मी काढीन. सतराचा पाढा येईना, जहूरला विचारला, तर तो उर्दूत घडाघडा म्हणाला. आता रोज तोच माझी परीक्षा घेतो. बाबांना यातलं कळवू नकोस, पेढे परत मागता येत नाहीत.

फक्त एक विचारतो. पाच महिन्यांनी तू निवृत्त झालीस, तर त्या वहीत मी आहे हे कोणाच्या लक्षात राहील?

स्वरूप

वादी कबीर,
३ ऑगस्ट १९९८

चि. स्वरूप यास अनेक आशीर्वाद.

वहीत खोडायचं नसतं. म्हणून तुझ्या ओळीखाली तांबड्या शाईने दुसरी लिहिली: वरील नोंद चुकीची, तिकीट न पाहता केलेली, सदर इसम सेकंड मेट असून कप्तान कधीच नव्हता. खाली सही केली आणि वही साहेबांपुढे नेली. त्यांनी दोनदा वाचलं, बंदराच्या खात्याला फोन लावला, मग मला म्हणाले की उद्यापासून वहीला हात लावू नका.

बुधवारी बंदराचा पहारेकरी जहाजावर चढेल आणि तू उतरशील. उतरला, वर्तणूक उत्तम, हा तुझ्या नळीतला शेरा मी आजच लिहून ठेवला. माझ्या हातचा तो शेवटचा. त्याच दिवशी मस्कतहून मुंबईला जाणाऱ्या विमानाचं तिकीट मिळालं आहे, तेव्हा घरी यायला वेळ नाही. पेढ्यांचं दादाला तूच समजाव.

माझी चौकशी बसली आहे. ती संपेपर्यंत पासपोर्ट कचेरीत राहणार, मस्कत सोडायचं नाही. मला उतरवायची सही कोणी करायची, तेही अजून ठरलेलं नाही. मी मात्र दारांना, खिडक्यांना रागावणार नाही. सतराचा पाढा मला येतो.

पोचल्याचं पत्र टाक. पत्ता बदलणार नाही.

तुझी,
आत्या