केळीच्या मृत्यूचा दाखला

बऱ्हाणपूर,
फाल्गुन, सन १९३४

प्रिय गजू,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. एवढ्या रागाने लिहिलंस की शाई कागदाच्या पाठीमागे उमटली आहे. माझी पहिली बायको कुठून आणलीत आणि हे सरकारला कोणी सांगितलं, असं विचारतोस. सांगते. पण आधी जेवून घे आणि मग वाच. पोटात काही नसलं की तुला कोणाचंच पटत नाही, आणि लंडनला जाऊन ते बदललं असेल असं मला वाटत नाही.

तिथल्या लग्नाच्या कचेरीला इथून दाखला हवा होता, की मुलगा मोकळा आहे, मागे देशात त्याला बायको नाही. हे तूच कळवलं होतंस. तो कागद फिरत फिरत इकडे आला आणि एक कारकून चौकशीला घरी आला. मी आत पापड लाटत होते. तुझ्या नानांनी त्याला ओसरीवर बसवलं. त्याने विचारलं, मुलाचं लग्न झालंय का. आता तुझे नाना म्हणजे जन्मभर शाळेत पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारलेला माणूस. ते म्हणाले, एक झालं होतं, विधिपूर्वक, पण ती आता नाही. कारकून बिचारा हळहळला, विधुर असं लिहून घेतलं, चहा पिऊन गेला. मी आतून सगळं ऐकत होते, पण मला वाटलं दुसऱ्याच कोणाच्या घरची गोष्ट चालली आहे.

तर बाबा, तुझी ती पहिली बायको म्हणजे आपल्या परसातली केळ. तू विसरला नसशील, पण लाजेने कोणाला सांगितलंही नसशील. एडिथ तुझी होणारी बायको, तिला आता सांगावं लागेल, म्हणून मी सगळं नीट लिहिते, तू तिच्या भाषेत सांग. तू मॅट्रिक झालास तेव्हा शाहपूरच्या शारदेचं स्थळ आलं होतं. जोशीबुवांनी तुझी पत्रिका पाहिली आणि म्हणाले, याची पहिली बायको जगायची नाही. अशा मुलाचं पहिलं लग्न आपल्याकडे झाडाशी लावतात, म्हणजे पत्रिकेतलं मरण झाडावर जातं आणि मागून येणारी सून सुखरूप राहते. आपण केळीला हळद लावली, हिरवं लुगडं नेसवलं, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं म्हटली. तू तोंड फुगवून उभा होतास आणि यादवमामा तुला नवरी फार उंच पडली म्हणून चिडवत होता. संध्याकाळी केळ तोडून तापीत सोडली, राजघाटावर तुला आंघोळ घातली. पुढे तू शिकायचं म्हणून नागपूरला गेलास, शारदेचं स्थळ मोडलं, आणि ते लग्न सगळ्यांच्या डोक्यातून गेलं. नानांच्या मात्र गेलं नव्हतं.

तू लिहिलंस की तिथली कचेरी म्हणते, विधुर असशील तर बायकोच्या मृत्यूचा दाखला आण. केळीच्या मृत्यूचा दाखला कुठे मिळतो रे? खरं सांगते, मला हसू आवरेना. मग शेवटचं पान वाचलं. एडिथ तुझ्याशी बोलत नाही. एक मेलेली बायको लपवलीस तर आणखी काय काय लपवलं असशील, असं ती म्हणते, आणि इकडे यायची तुमची बोट पुढच्या महिन्यात सुटायच्या आत हे निस्तरलं नाही तर ती तुझ्याबरोबर येणार नाही. तेव्हा हसू गेलं. तिचं चुकलं नाही, गजू. तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

तुझ्या मालूआत्याचं म्हणणं पडलं की आपण काहीच करू नये. आपोआप मोडतंय तर मोडू द्या, आपल्या माथी पाप नाही. नाना म्हणाले, मी खोटं काही बोललो नाही, मग दुरुस्त काय करू. त्यांनी ते मुद्दाम केलं नव्हतं, एवढं मला कळतं, संसार केलाय मी त्यांच्याशी. पण झालं त्याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं. आणि मला? तुझं ते पहिलं पत्र आलं, की मी लंडनच्याच मुलीशी लग्न करतो, तेव्हा मी पदराआड किती रडले ते मालूआत्याला विचार. सून माझ्या हातची भाकरी खाईल का, मी बोललेलं तिला कळेल का, नातवंडं मला काय म्हणून हाक मारतील. गप्प बसणं मला फार सोपं होतं.

पण तुझं ते आधीचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. तिथे लग्न कसं होतं ते तू हौसेने लिहिलं होतंस. दोघांची नावं कचेरीच्या भिंतीवर लावतात, कोणाची हरकत असेल त्याने यावं. मग दोन साक्षीदारांसमोर अधिकारी दोघांनाही बोलायला लावतो, मुलाला आणि मुलीलाही, आणि तिने स्वतःच्या तोंडाने हो म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. मी नऊ वर्षांची होते रे. मला कोणी विचारलं नाही. मुंडावळ्या कपाळाला टोचत होत्या आणि पुढ्यातल्या ताटात बत्तासे होते, तेवढंच आठवतं. नाना भले निघाले, माझी तक्रार नाही. पण ज्या मुलीला विचारणार आहेत, तिने हो म्हणायचं की नाही ते खरं काय ते कळल्यावर ठरवावं. आपल्या घरातल्या अर्ध्या बोलण्यावरून तिने नाही म्हणू नये, असं मला वाटलं. मग मला भाकरी गोड लागेना.

यादवमामाला घेऊन मी खंडव्याला गेले. नाना येणार नाही म्हणाले होते, पण निघायच्या वेळी त्यांनी अर्ज पुढे केला, स्वतःच इंग्रजीत लिहिलेला, तुला ठाऊक आहे तसल्या सुरेख अक्षरात. लालबागच्या स्टेशनापर्यंत पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या घेऊन आले. गाडी हलली तरी तिथेच उभे होते.

डिप्टी कमिशनर साहेबांसमोर मी पहिल्यांदाच उभी राहिले. खरं सांगायची हलफ घेतली आणि बयान दिलं. केळीचं नाव काढल्यावर ते लिहून घेणारा शिरस्तेदार खाली मान घालून हसायला लागला. साहेब हसले नाहीत. त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, तुमच्या मुलाला आपला नवरा म्हणणारी कोणी बाई कुठे जिवंत आहे का, कधी होती का. मी म्हटलं, नाही. मग झाड कशाला, असं विचारलं. मी म्हटलं, साहेब, पुढे येणारी पोर जगावी म्हणून. ती कोण, कुठली, तेव्हा आम्हाला काय ठाऊक. हे बोलताना माझ्याच ध्यानात आलं की ती हळद, ती मंगलाष्टकं, सगळं आम्ही एडिथसाठीच केलं होतं. मला तिथेच रडू आलं. साहेबांनी पाणी मागवलं आणि अविवाहित असा नवा दाखला लिहायला सांगितला.

दाखला सरकारी टपालाने विमानाने गेला आहे. या पत्राच्या आधी पोचेल, तेव्हा या पत्रावाचून तुझं काही अडत नव्हतं. तरी लिहिलं, त्याचं कारण आता सांगते. सही करताना मी साहेबांना विचारलं, आईची संमती कुठे लिहायची. ते म्हणाले, मुलगा वयात आलेला आहे, त्याला कोणाची संमती लागत नाही, कागदावर तशी जागाच नाही. परतीच्या गाडीत मला तेच खुपत राहिलं. मी काय म्हणणार होते ते साहेबांनी ऐकलंच नाही, म्हणून इथे लिहिते. गजू, मी राजी आहे. मनापासून राजी आहे. हे एवढं एडिथला वाचून दाखव, माझ्या मराठीतच दाखव, अर्थ नंतर सांग. तिला म्हणावं, तुझ्या सासूला तिच्या लग्नात कोणी विचारलं नाही आणि मुलाच्याही लग्नात कोणी विचारलं नाही, तरी ती हो म्हणाली.

तुझीच,
आई